दुसरी आष्टी

आमच्या घरात मध्यंतरी काही महिने कुणी काही विसरलं, की दुसरा लगेच म्हणायचा, "गेला हा दुसऱ्या आष्टीला!" भाजीत मीठ राहिलं तर मी दुसऱ्या आष्टीला, गॅस चालू राहिला तरी मीच. हसायचा हा विषय माझ्या मोठ्या भावाने, कडूबादादाने दिला होता, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा.

झालं होतं असं. परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या आमच्या पंथाच्या बायांना डोंगरातल्या ओट्याच्या, आमचे स्वामी जिथे बसले त्या चौथऱ्याच्या, दर्शनाला न्यायचं होतं. दादा तीर्थपुरीहून जीप घेऊन एकटाच त्यांना आणायला निघाला. बाया भाकरी बांधून पारावर बसल्या. ऊन डोक्यावर आलं तरी जीप नाही. दुपारी झुंबरवहिनीला कुण्या पेट्रोल पंपावरल्या माणसाच्या नंबरवरून फोन आला. दादा बीडच्याही पुढे गेला होता. बीड जिल्ह्यातही एक आष्टी आहे, तिच्या वाटेला.

"फोनला आष्टी विचारली, त्यानं भलतीच आष्टी धरली," तो परत आल्यावर म्हणाला. "सरकारनं दोन दोन आष्ट्या करून ठेवल्या, त्याला मी काय करू?"

त्याचा मुलगा आदिनाथ अंबडला शाळेत शिकवतो. तो म्हणाला, "बाबा, आपल्या आष्टीला जाताना गोदावरी लागतच न्हाई. एवढा मोठा पूल आला, तरी कळलं न्हाई व्हय?"

"नदी खालून गेली, मी वरून गेलो. तिचं माझं बोलणंच झालं न्हाई."

आम्ही पोट धरून हसलो.

आमच्या आईची आधीची दोन लेकरं राहिली नाहीत, म्हणून याला नजर लागू नये असं कडूबा नाव ठेवलं. नाव कडू, माणूस मोसंबीसारखा. आधी दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवला, मग स्वतःची जीप घेतली. आसपासच्या किती बाळंतिणी, किती नवऱ्या, किती म्हातारी माणसं त्या जीपमधून गेली असतील! दादाने कधी कुणाला वाट विचारली नाही. सांगायचा मात्र सगळ्यांना, आणि त्याच्या सांगण्यात डावं-उजवं नसायचं. "बाभळीला मोहोळ दिसंल, तिथून वळ. पुढं एक कुत्रं भुंकंल. भ्यायचं न्हाई, तेच घर." कुत्रं मेलं तरी लोक त्याच खुणेने त्या घरी जायचे.

लग्न होऊन मी नवीन जालन्यात आले, तेव्हापासून दर दिवाळीला तोच माझा मुराळी. दारात हॉर्न वाजवायचा आणि जीपमधूनच ओरडायचा, "साधे, बोचकं बांध, जल्दी!" सासूबाई होत्या तोवर चिडायच्या, "पाहुणे, चहा तर घ्या, मग न्या बहिणीला." मला नातवंडं झाली तरी हे चुकलं नाही. आई-वडील कधीच गेले. दादा न्यायला येत होता, म्हणून मला माहेर होतं.

आष्टीचं ते झाल्यावर, उन्हाळ्यात एक दिवस तो न कळवता आला. हॉर्न वाजला नाही. दार उघडलं तर शेजारच्या बेबीनंदाबाई त्याला घेऊन उभ्या.

"तुमचेच भाऊ ना हे? बँकेपाशी उभे होते बिचारे. गल्ली सापडंना म्हणले."

"समद्या गल्ल्या एकाच तोंडाच्या करून ठेवल्यात इथं," दादा म्हणाला आणि पाणी मागितलं. दोन तांबे पाणी तो उभ्यानेच प्यायला. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

मग म्हणाला, "साधे, मला ते वाट दाखवायचं यंत्र घ्यायचंय. गाडीतबी चालंल आन् डोंगरातबी चालंल, असं एकच."

"फोन आहे की."

"फोनचा भरवसा न्हाई. डोंगरात रेंजबी न्हाई." त्याने पटका काढून गुडघ्यावर ठेवला. "आदिनाथ गाडीची चावी मागून राह्यलाय. यंत्र असलं म्हंजी कुणाचं काही म्हणणं राहणार न्हाई. बाया नेता येतील. दिवाळीला तुला आणाया येता येईल."

स्टेशनकडे राधेश्याम नावाच्या ओळखीच्या दुकानदाराकडे मी त्याला घेऊन गेले. बियाण्यांच्या कंपन्यांची माणसं शेतातले प्लॉट मोजायला असली यंत्रं त्याच्याकडूनच नेतात. त्याने काचेवर दोन डबे मांडले.

"काका, गाडीचं वेगळं येतं, डोंगराचं वेगळं. हे गाडीचं. पडदा मोठा, बोलतं छान. पण गाडीतून काढलं की घडीभरात बंद, आणि पाणी लागलं तर खल्लास. हे डोंगराचं. सेलवर चालतं, दगडावर पडलं तरी काही होत नाही. पण मुकं आहे, नुसता बाण दाखवतं. गाडी चालवताना एवढ्याशा बाणाकडे कोण बघणार? माझं ऐका, दोन घ्या."

"दोन नको. दोन असले की कोणतं कुठं ठेवलं ते..." दादा मध्येच थांबला. "एकच दाखव."

राधेश्यामने आतून तिसरं आणलं. "मग हे मधलं. दोन्ही कामं करतं, पण दोन्ही थोडी थोडी. गाडीत आवाज बारीक, डोंगरात बॅटरी जल्दी उतरते."

"माझ्यावानीच हाय की मंग! आवाज बारीक, बॅटरी उतरलेली. हेच दे."

राधेश्याम हसला. "आधी वापरून बघा. पटलं तर ठेवा, नाहीतर बदलून देतो. पहिली खूण कशाची करू? तुमच्या घराची?"

"हिच्या घराची."

राधेश्यामने नकाशावर माझी गल्ली शोधली आणि माझ्या दारावर बोट टेकवलं. यंत्राने बारीक शिट्टी वाजवली. दादाचा चेहरा असा उजळला, की मी दुकानातच मनात दंडवत घातला. त्याने यंत्राचं नाव ठेवलं वाटाड्या.

पुढच्याच आठवड्यात वाटाड्याची परीक्षा घ्यायला आम्ही निघालो. दादा, वहिनी आणि मी. भोकरदनच्या वरच्या अंगाला डोंगरात आमच्या स्वामींचा एक ओटा आहे. गाडी पायथ्याला ठेवून झुडपांतून चढत जावं लागतं. दादाने तिथे आजवर किती जणांना नेलं असेल, त्याचा त्यालाच पत्ता नसेल. पण त्या दिवशी राजूरचा सरळ रस्ता होता, तरी त्याची नजर सारखी पडद्यावर जात होती.

"दादा, रस्त्याकडे बघ की! हा तर तुझ्या पायाखालचा रस्ता."

"त्याला वाईट वाटंल," तो म्हणाला. "नवीन गडी हाय. त्याचं ऐकाया पाहिजे."

मी हसले. वहिनी हसली नाही.

पायथ्याशी कचरूची चहाची टपरी आहे. वहिनीचे गुडघे दुखत होते, म्हणून मी तिच्याजवळ थांबले. पिशवीत विडा-नारळ आणि ओट्यावर घालायचं वस्त्र होतं. दादाने ती खांद्याला अडकवली, वाटाड्या हातात धरला आणि चढू लागला. तो झुडपांआड गेल्यावर वहिनीने पदराने तोंड पुसलं.

"वन्सं, एक सांगू? त्या आष्टीच्या दिवशी ह्यांचा फोन घरीच होता. फळीवर, चार्जिंगला. मीच लावला होता."

मला आधी कळलंच नाही. "मग त्याला तिकडे नेलं कुणी?"

"कुणीच न्हाई. आपले आपणच गेले." ती डोंगराकडे बघत होती. "पंपावाला म्हणला, काका इथं बसून रडून राह्यलेत, कुठं जायाचं ते सांगता येईना. घरी आल्यावर ह्यांनी ती दोन आष्ट्यांची गोष्ट जुळवली. समदे हसाया लागले. मंग मीबी गप बसले. म्हणलं, हसू दे. रडण्यापरीस बरं."

कचरू पातेलं घासत होता. त्याचा खरखर आवाज बराच वेळ येत राहिला. बँकेपाशी उभा असलेला दादा मला दिसला. कुणाला वाट न विचारणारा माझा भाऊ तिथे किती वेळ उभा असेल, आणि बेबीनंदाबाईंना काय म्हणून त्याने विचारलं असेल!

दादा उतरून आला तो बरोबर आमच्या बाकड्यापाशी. घाम आलेला, पण तोंडभर हसू.

"बघा! नेलंबी बराबर, आणलंबी बराबर. एक पाऊल हिकडचं तिकडं न्हाई!"

"दर्शन झालं?" वहिनीने विचारलं.

"झालं की."

वहिनीने पिशवी हातात घेतली आणि तिचा चेहरा बदलला. नारळ तसाच होता. विड्याचा दोरा सुटला नव्हता. वस्त्राची घडी मोडली नव्हती. वाटाड्याने वर पोचल्याची शिट्टी वाजवली असेल, आणि दादा तिथूनच माघारी फिरला असेल.

दादानेही पिशवीत डोकावून पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"झुंबर," तो हळू म्हणाला, "मी वर कशाला गेल्तो गं?"

त्याने बंडीच्या खिशातून गाडीची चावी काढली, वहिनीच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ स्वतःच्या हाताने मिटली. मग टपरीकडे वळून म्हणाला, "कचरू, तुला गाडी येती ना? आम्हाला घरी सोड बाबा."

मी विडा-नारळ घेऊन एकटीच वर जाऊन आले. ओट्यावर डोकं टेकवलं. बरं कर असं मागायचा धीर झाला नाही. एवढंच म्हणाले, देवा, त्याला कसंही ठेव, पण माझं दार त्याच्याकडून काढून घेऊ नकोस.

परतताना दादा मागच्या सीटवर बसला होता. त्याच्या जीपमध्ये त्याला मागे बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पुढे वाटाड्या बारीक आवाजात वळणं सांगत होता.

"त्याला गप कर आता," दादा कचरूला म्हणाला.

दोन दिवसांनी तो आदिनाथबरोबर जालन्याला आला. आम्ही राधेश्यामकडे गेलो.

"काय काका, गाडीत बोललं का बराबर?"

"बोललं. चांगलं हाय. पण हे नको. ते नुसतं चालायचं दे, मुकं."

"ते गाडीत कामाला येणार नाही. आधीच सांगितलं होतं ना तुम्हाला? दोन्हीकडे चालणारं एकच पाहिजे, म्हणून तर तुम्ही..." राधेश्यामला काही माहीत नव्हतं. तो हसत म्हणाला, "का, गाडी विकली की काय?"

"गाडी पोरानं घेतली," दादा म्हणाला. आदिनाथ काचेत ठेवलेल्या, शेत मोजायच्या टेपांकडे बघत राहिला. त्या दिवसापासून त्याने दुसऱ्या आष्टीचं नाव काढलेलं नाही.

राधेश्यामने मुक्या यंत्रात दोन खुणा घालून दिल्या. एक तीर्थपुरीच्या घराची, एक माझ्या घराची. कोणतं बटण कोणाचं, ते दादाने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. वहिनीने यंत्राला काळी दोरी ओवली. त्यानंतर ते त्याच्या गळ्यात असायचं. घर ते मंदिर, मंदिर ते घर.

पावसाळा सरला. फोनवर तो कधी नीट बोलायचा, कधी नुसता "हां, हां" करायचा. रोज नामस्मरणाला बसले की माझी बोटं जपाच्या दोऱ्याच्या एकाच गाठीवर अडकून राहायची.

दिवाळी आली. मी दोन दिवस दारात हॉर्न वाजायची वाट पाहिली. वाजणार नाही हे माहीत होतं, तरी पाहिली. आदिनाथ न्यायला येतो म्हणाला. मी म्हटलं, नको, मीच येते. बोचकं बांधलं आणि बसमध्ये बसले.

अंबड मागे पडलं. उसाच्या बैलगाड्या सुरू झाल्या होत्या. तीर्थपुरी जवळ आली, तेव्हा खिडकीतून मला दादा दिसला. रस्त्याच्या कडेने, बस जिकडून आली तिकडे, एकटाच चालत निघाला होता. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, काखेत कापडी पिशवी. हातात यंत्र.

"थांबवा! गाडी थांबवा!"

"मावशी, इथं स्टॉप न्हाई," कंडक्टर म्हणाला.

"माझा भाऊ आहे हो तो!"

बस थांबली. मी धावतच मागे गेले. "दादा!"

तो वळला आणि माझ्याकडे बघून त्याने अदबीने हात जोडले. "दंडवत, बाई."

मीही हात जोडले. मग विचारलं, "कुठे निघालात?"

"जालन्याला. बहिणीला आणाया. दिवाळी हाय न्हवं. गाडी पोराकडं हाय, म्हणून म्हणलं, पायीच जावं. ती बोचकं बांधून बसली असंल." काखेतल्या पिशवीतून हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता. "तुम्ही कुणीकडच्या?"

"तिकडचीच. नवीन जालन्याची."

"मंग आमची साधी ठावी असंल तुम्हाला. बरी हाय का?"

"बरी आहे," मी म्हणाले. "ती आज इकडेच यायचीय. चला, घरी जाऊन बसू."

"मंग बरं झालं." मी हात धरला, तो निमूट चालू लागला. तोच हात होता, शाळेत नेताना माझा धरायचा तो. थोडं पुढे गेल्यावर त्याने गळ्यातलं यंत्र उचलून डोळ्यांजवळ धरलं आणि थांबला.

"बाई, आपण उलटं चाललो. बाण मागं दाखवून राह्यलाय. साधीचं घर तिकडं हाय."

मी वाकून पाहिलं. बाण जालन्याकडे होता, सरळ माझ्या दाराकडे.

"बराबर आहे, दादा. बाण बराबर आहे."

मागून उसाची बैलगाडी येत होती. तिला जागा द्यायला आम्ही दोघं कडेला झालो. मी त्याचा हात सोडला नाही.