एकाच डब्यातल्या दोन जातींच्या डिस्क

आत्या टेलिफोन ऑपरेटर होती. तीस वर्षं नुसते आवाज ऐकल्यामुळे समोरचा थाप मारतोय हे श्वासावरून कळतं, असं ती म्हणायची. निवृत्तीनंतर ती अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. खिडक्या लावून, पंखा बंद करून, घाम पुसत. मग घरच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या डिस्क, म्हणजे सीडी, काढायची.

एक दिवस शाळेतल्या बाईंचा फोन आला. "चार डिस्क शेवटच्या प्रकरणात अडकतात हो. जहाज बुडालं की वाचलं, मुलं विचारतायत."

आत्यानं ते प्रकरण फोनवरच वाचून दाखवलं, आणि फोन ठेवून बाबांकडे वळली. "तू कॉम्प्युटरला हात लावलास?"

"पत्ते खेळलो फक्त."

"फक्त म्हणे!"

बाबांवरून संशय कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यावर गेला. डिस्क त्याच्याच दुकानातल्या. "डबा देताना नजर चुकवत होता मेला."

मी तिला एक छोटा प्रोग्राम बसवून दिला. कोऱ्या डिस्कवर कारखान्याची एक खूण असते, डोळ्यांना न दिसणारी. ती खूण हा प्रोग्राम वाचतो. आत्यानं नवा, सीलबंद डबा फोडला आणि पन्नासच्या पन्नास डिस्क एकेक करून घातल्या. वरच्या आठ एका कारखान्याच्या, मधल्या पस्तीस भलत्याच, तळच्या सात पुन्हा पहिल्या. छाप मात्र सगळ्यांवर एकच.

"आणि ही खूणच खोटी असली तर?" तिनं मला विचारलं, जणू मीही त्यात सामील होते.

मग दोन्ही जातींची एकेक डिस्क भरून तपासली. पडद्यावर पहिली शेवटपर्यंत हिरवी, म्हणजे निर्दोष. दुसरी अर्ध्यापासून पिवळी, कडेला लालभडक. डिस्क आतून बाहेर भरत जाते, म्हणून नेमकी शेवटची प्रकरणंच गेली होती.

तो निकाल कागदावर छापून घेऊन आत्या दुकानात गेली. मी मागोमाग.

"वरखाली चांगला माल, मध्ये कचरा. कोण भरतं हे?"

"मावशी, मला डबा असाच येतो. सील तुम्हीच फोडलंत ना?"

"सील काय, कुणीही लावतं."

त्यानं कागद वाचला आणि तो स्टुलावर बसला. "माझ्या मुलीचे बोबडे बोल याच डिस्कवर उतरवलेत. कॅसेट टाकून दिल्या."

नाटक करतोय, असं आत्या परत येताना दोनदा म्हणाली. संध्याकाळी तो अकरा डिस्क घेऊन दारात उभा राहिला. पहिलीच घातली आणि पडद्यावर लाल चौकोन भरत गेले. आत्यानं स्वतःच्या चांगल्या डिस्क काढल्या आणि वेग अगदी कमी ठेवून त्याची एकेक उतरवायला घेतली.

नऊ वाचल्या. उरलेल्या दोन तिनं चार वेळा पुसून घालून पाहिल्या, पण त्या उघडल्याच नाहीत.

"टाकू नका," तो म्हणाला आणि त्या दोन्ही रुमालात गुंडाळून घेऊन गेला.