जाहिरातीसकट वंदना

दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या सौंसरच्या घरात माझी सासू टीव्हीसमोर हात जोडून, डोळे मिटून उभी होती, आणि टीव्हीवर इलायची विकणं चालू होतं.

मी त्यांना आत्याबाई म्हणते. नागपूरला दीक्षाभूमीवर सामूहिक बुद्धवंदना चालली होती आणि ती आम्ही मोबाइलमधल्या एका फुकटच्या ॲपवरून टीव्हीवर लावली होती. फुकटचं म्हटल्यावर जाहिराती आल्याच. त्रिशरण झालं, चार शीलं झाली. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं, आणि नेमकी त्याच्या तोंडावर कुठल्याशा पानमसाल्याच्या कंपनीची इलायची येऊन नाचू लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आत्याबाई, बसा. जाहिरात आहे," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "वंदना मधातच सोडून कोनी बसते का?"

खुब्याच्या हाडात सळई घातलेली बाई. टेबल धरावं तर हात जोडता येत नाहीत, म्हणून टेबलाची कड पोटाशी टेकवून उभी. इलायची संपली, मग कपड्यांचा साबण आला, मग एक बँक कर्ज द्यायला निघाली. परत नागपूर दिसलं तोवर तिथली माणसं बरीच पुढे गेली होती. आत्याबाईंना त्याची फिकीर नव्हती. त्यांनी आधी आपलं राहिलेलं पाचवं शील म्हटलं, आणि तिथून पुढचं सगळं आपल्या चालीनं, मागे राहून, एक शब्द न गाळता पूर्ण केलं. नागपूरची वंदना आधी संपली, आमच्या घरातली नंतर. मग त्या बसल्या आणि घाम पुसत मला म्हणाल्या, "चाय मांड."

त्याआधी त्यांचा दसरा कधी घरात गेला नव्हता. माहेर तिगावचं. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तिगावच्या स्टेशनावर यायच्या आणि तिथून गाडीनं नागपूर. लग्न होऊन सौंसरला आल्यावर बसनं. कपाशीची वेचणी असो, घरात बाळंतीण असो, पांढरी साडी नेसून, भाकरी आणि ठेचा बांधून बाई निघायचीच. रात्री तिथेच मैदानात अंथरूण. येताना पिशवीत पुस्तकं. स्वतःला जेमतेम अक्षरं लावून वाचता येतं, पण पुस्तक न घेता आलं तर गेल्यासारखं वाटत नाही म्हणायच्या. आमचं निम्मं कपाट त्यांनीच भरलेलं आहे, आणि शाळेत शिकवते मी!

मग एका पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरला. ऑपरेशन झालं, काठीनं चालू लागल्या, पण डॉक्टरांनी बजावलं की गर्दीत धक्का लागून पडल्या तर पुन्हा उभं राहणं कठीण. माझ्या नवऱ्याच्या मनात गाडी करून न्यायचं होतं. पण दसऱ्याला गाड्या लांबच अडवतात. पुढे पायी जायचं, तेही माणसांच्या लोटातून. म्हणून टीव्ही.

मी सरकारी शाळेत शिक्षिका आहे आणि माझा स्वभाव तापट आहे. ती इलायची माझ्या डोक्यातून जाईना. मधल्या सुट्टीत डबा एका हातात आणि मोबाइल दुसऱ्या हातात, असं माझं संशोधन सुरू झालं. कोणतं ॲप जाहिराती दाखवून फुकट देतं, कोणतं पैसे घेतं, लाइव्ह कशात दिसतं. त्यातही गोम अशी की काही ठिकाणी पैसे भरले तरी खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, लाइव्ह कार्यक्रमांत जाहिराती येऊ शकतात. म्हणजे रिझर्वेशन करा आणि डब्यात उभेच राहा. शेवटी एक सापडलं, ज्यात खरोखरच मध्ये काही येत नव्हतं. महिन्याचं घ्या नाहीतर सालभराचं. सालभराचं बरंच स्वस्त पडत होतं. दर पौर्णिमेची वंदना, प्रवचनं, पुढचा दसरा, सगळं त्यात. मी खूश होऊन घरी आले.

"नोको," आत्याबाई म्हणाल्या.

"अहो, जाहिराती येणार नाहीत."

"येऊ दे ना. मी काही त्याहिच्याकडे पाहून राहिली का?"

मला वाटलं, पैशामुळे. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबलेल्या बाईला डोळ्यांनी बघायच्या गोष्टीचे पैसे देणं पटत नसेल. मी म्हटलं, माझ्या पगारातून घेते. नको. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा जाहिरात आली, पुन्हा त्या उभ्या. या वेळी पाय थरथरताना मला दिसले. वंदना संपल्यावर मी चिडले. "वंदनेला उभं राहा, मी काही म्हणत नाही. पण फिनाइलच्या बाटलीसमोर कशाला उभं राहायचं? सालभराचा प्रश्न मिटतो म्हटलं तर तुमचं आपलं नोको नोको!"

त्या लसूण सोलत होत्या. हातातली पाकळी ताटलीत ठेवली.

"सालभराचं घेतलं मंजे पुढच्या दसऱ्याले मी इथंच बसून राहीन, हे तू आजच ठरवून टाकलं का वं?"

त्यांनी पाकळी परत उचलली.

"फुकटचं हाय ते बरं हाय. ते यंदापुरतं हाय."

पैसे भरणं म्हणजे त्यांच्या लेखी हात टेकणं होतं. जाहिराती आल्या तर येवोत, पाय दुखले तर दुखोत, ही तात्पुरती सोय होती आणि पुढच्या साली नागपूर होतं. मी त्यांच्यासमोर बसून उरलेला लसूण सोलू लागले आणि त्या ॲपचं नाव पुन्हा काढलं नाही.

सालभर त्यांनी चालण्याचा सराव केला. आधी दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत, मग विहारापर्यंत, मग विहाराला फेरी घालून. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघायच्या. संत्र्याच्या बागेत कामाला जाणाऱ्या बाया विचारायच्या, "कुठं निघाली वं माय?" यांचं उत्तर ठरलेलं, "नागपूरले." बाया हसायच्या, त्याही हसायच्या. मीसुद्धा हसायचे, पण मनातून धरूनच चालले होते की या वर्षी जमणार. इतकं की मी स्वतःसाठी पांढरी साडी घेऊन ठेवली होती.

दसरा जवळ आला तसा नवऱ्यानं एक मार्ग काढला. तो पांढुर्ण्याला नोकरीला आहे, रोज बसनं जा-ये करतो. तो म्हणाला, "आई, पांढुर्ण्याचा आठवडी बाजार या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखव. बाजार पार झाला तर नागपूर पक्कं."

"बाजार तं मी नाचत पार करीन," आत्याबाई म्हणाल्या.

बाजाराच्या दिवशी मी शाळेतून सुट्टी काढली आणि आम्ही दोघी बसनं गेलो. तो स्टँडवर घ्यायला आला होता. सुरुवात चांगली झाली. तो पुढे वाट करत होता, मी मागे होते, मध्ये त्या. वांगी आणि भेंडीचे ढीग गेले, चपलांचं दुकान गेलं, एका ओळखीच्या बाईशी उभ्या उभ्या गप्पाही झाल्या. मग कांद्याच्या ओळीत गर्दी दाटली. कोणीतरी पोतं खांद्यावर घेऊन घाईनं गेला. धक्का असा लागलाच नाही, पोतं नुसतं पदराला घासून गेलं. पण आत्याबाईंनी शेजारच्या दुकानाचा बांबू धरला तो सोडेनात.

"आई, चल. काही नाही झालं," नवरा म्हणाला.

"हाव," त्या म्हणाल्या. पाऊल उचललं नाही. काठी खाली पडली होती, ती मी हातात दिली तर ती घ्यायला त्यांना बांबूवरचा हात काढता येईना. माणसं दोन्ही बाजूंनी जात होती. बांबूवर त्यांची बोटं पांढरी पडली होती. कांदेवाल्या बाईनं न विचारता एक रिकामं पोतं अंथरलं. "बसा माय, घटकाभर." आम्ही दोघांनी मिळून त्यांची बोटं सोडवली आणि त्यांना खाली बसवलं. बाजार अर्धासुद्धा झाला नव्हता.

नवरा म्हणाला, "पुढच्या बाजाराले पाहू अजून एकदा." परतीच्या बसमध्ये आत्याबाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मला त्यांचा हात धरावासा वाटत होता. पण धरला असता तर त्यांना कळलं असतं की मलाही कळलं आहे. मी पिशवी धरून बसले.

घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, पाणी प्यायल्या, खाटेवर बसल्या. मी भाजी चिरायला घेतली होती.

"ते तुह्यं काय होतं वं? बिना जाहिरातीचं?"

"आहे ना."

"घेऊन टाक."

मी विळी बाजूला सारली, हात पुसून मोबाइल उघडला. ॲप सापडलं. सालभर आधी याच गोष्टीसाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि आता माझंच बोट पुढे जाईना. दोन चौकोन होते, एक महिन्याचा, एक सालभराचा.

"महिन्याचंच घेते आत्याबाई," मी म्हणाले. "हा दसरा होऊ द्या. पुढचं पुढे पाहू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सालभराचंच घे," त्या म्हणाल्या. "सस्तं पडते."