दर्शनी भिंतीखालची पोह्यांची गाडी

पोह्यांवर कुणी तर्रीचा झणझणीत रस्सा ओतताना दिसलं, की ते प्रकरण आजही डोळ्यांसमोर उभं राहतं.

इतवारीत जुन्या इमारतींच्या एका रांगेचा पुनर्विकास चालू होता. मागचं सगळं पाडायचं, रस्त्याकडची कमानींची दर्शनी भिंत मात्र जशीच्या तशी राखायची, या अटीवर परवानगी मिळाली होती. मागचं पाडून झालं होतं आणि भिंत नुसत्या लोखंडी टेकूंवर उभी होती. त्याच भिंतीखाली एक बाई तर्री-पोह्यांची गाडी लावायची.

एका सकाळी ती तणतणत आमच्या पोलीस ठाण्यात आली. साइटवरच्या चौकीदारानं तिची गाडी जबरदस्तीनं रस्त्यापलीकडे ढकलली होती. "आजचा दिवस तिकडंच राह्य म्हणते. काहून, ते सांगत नाही."

ठाणे अंमलदार अदखलपात्र नोंद करून तिला वाटेला लावणार होता. मला मात्र ते 'आजचा दिवस' खटकलं. हप्ता मागणारा कुणाला एका दिवसापुरतं हटवत नाही. बाईला शेजारच्या खोलीत बसवलं आणि चौकीदाराला बोलावून घेतलं.

गडी तोंड उघडेना. दम दिला, चहा पाजला, तरी नजर भिंतीवरच्या घड्याळावर. डोकं सणकलं होतं, पण आवाज न चढवता मी थाप मारली.

"मावशीले मी परत पाठवलं गा. जुन्याच जागी गाडी लावून राहिली ती."

तो ताडकन उठला. "तिले हटवा साहेब. टेकूचे बोल्ट ढिल्ले केले म्या."

मग भडाभडा बोलला. भिंत 'आपोआप' पडली की बिल्डर अटीतून मोकळा. दुपारी मागून मशीनचा धक्का द्यायचा होता. सुपरवायझरनं नोकरीची भीती घालून बोल्ट याच्याकडून ढिले करून घेतले होते. आणि रस्त्यावर बाजाराची गर्दी! लोक हटवून मशीन बंद करेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. टेकू आवळले, पंचनामा झाला, बिल्डर, सुपरवायझर आत गेले. चौकीदारही गेला.

संध्याकाळी बाई त्याच्यासाठी पोहे घेऊन आली.

"मले वाचवलं त्यानं," ती मला म्हणाली, "अन् तुम्ही माझंच नाव घेऊन त्याले पकडलं."

पुन्हा वेळ आली तर मी तीच थाप मारीन. पण एक कळलं. माणूस बऱ्याचदा त्याच्या चांगुलपणामुळंच सापडतो, आणि आम्ही पोलीस नेमकं तेच धरतो.

भिंत उभी आहे, गाडीही तिथंच लागते. मी गेलो की बाई पोहे देते, पण माझ्याशी बोलत नाही.