चाटेमिस्त्रींच्या ढलप्या

चाटे आडनावाची घराणी आमच्या बीड भागात गावोगाव आहेत. आमच्या सुतारमिस्त्रींचे आडनाव मात्र चाटे नव्हते. लाकूड ओळखायचे तर ते जरा तासून सरळ जिभेला लावत, म्हणून चाटेमिस्त्री!

बोटाएवढ्या ढलप्या त्यांनी दोरीत ओवून ठेवल्या होत्या. साग, शिसव, धावडा, खैर, अंजन. प्रत्येकीची एक बाजू रंधा मारलेली, दुसरी खरबरीत. बाभळीच्या मात्र दोन : एक तांबूस, एक काळीकुट्ट.

"एकाच झाडाच्या दोन कशाला?" मी विचारले.

"एक म्हायेरची, एक सासरची. ही काळी सिंदफणा नदीच्या चिखलात सा म्हैने नांदून आलीया."

चिखलात मुरवलेली बाभूळ किडत नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. निजामाच्या जंगल दरोग्याला ठाऊक नव्हते! गायाबाई या विधवेचा मुरल्या बाभळीचा नवा नांगर काळा दिसताच "ये शीशम हय, सरकारी माल!" म्हणून त्याने उचलून चौकीत नेला. पेरणी आठ दिवसांवर. मी तेव्हा निजामाविरुद्ध पत्रके काढत असे; या अडाणी जुलमाविरुद्ध जळजळीत अर्ज लिहिला. 'अंधेर' हा शब्द चार वेळा.

मिस्त्रींनी तो ऐकला. "लई झ्याक. पन ह्यात बाभूळ कुटं हाय?"

गायाबाई, मिस्त्री आणि मी चौकीत गेलो. मिस्त्रींनी शिसवाची ढलपी तासून दरोग्यापुढे धरली. "वास घ्या, सायेब. गोड येतो. आता नांगराचा घ्या." पण तपकिरीने साहेबांचे नाक चोंदलेले!

"मंग चाटा."

दरोगा चिडला, पण चौकीपुढे जमलेली गर्दी बघत होती. त्याने शिसव चाटले, मग नांगराला जीभ लावली. बाभळीच्या तुरटपणाने तोंड असे आवळले, की त्याचा चपराशीसुद्धा हसला. नांगर तासाभरात घरी आला.

ही गोष्ट वर पोचली आणि पुढच्या पेरणीच्या तोंडावर सरकारातून हुकूम आला : मिस्त्रींनी औरंगाबादला येऊन साऱ्या चौक्यांसाठी अशा ढलप्या कराव्यात. मी भडकलो. "नांगर उचलणाऱ्यांचीच चाकरी?"

"कामून भांडतूस रं? चौकीचौकीत ढलप्या टांगल्या, तर कुनाचाच नांगर जानार न्हाई. तू पत्रकं काड, मी ढलप्या काडतो."

मी रुसून निरोपाला गेलो नाही. गायाबाई मात्र भर पेरणीत बैल सोडून, माजलगावच्या रस्त्यापर्यंत त्यांचे गाठोडे डोक्यावर घेऊन गेली.