मदरबोर्डले कूलरची हवा

मंडळी, जिवाले चैन नाही, म्हणून इथं लिहून राहिलो.

मोर्शीच्या एका लग्नाचा व्हिडिओ उद्या सकाळी द्यायचा आहे. माझा चार कोरच्या प्रोसेसरचा जुना डेस्कटॉप लय हळू चालून राहिला होता. म्हणून आज त्याले ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवला. प्रोसेसरवर मोठा पंखा आहे, तो थंड राहिला. पण बाजूचा मदरबोर्ड तव्यासारखा तापला अन् मशीन घडीघडी बंद पडू लागलं.

कॅबिनेटचं झाकण काढलं, आईले म्हटलं, "याले हवाच लागत नाही," अन् बोर्डसाठी लहान पंखा आणाले राजापेठेत गेलो. मशीनवर व्हिडिओचं काम चालूच ठेवलं.

परत येतो तं काय! आईनं खोलीतला कूलर ओढून उघड्या कॅबिनेटसमोर लावलेला. पाण्याचा पंपही चालू. बोर्डवर बारीक थेंब अन् स्क्रीन काळी.

"आई, हे काय केलं वं!" मी ओरडलोच.

"तूच तं म्हणला, याले हवा लागत नाही." ती स्वतः घामानं चिंब झाली होती.

आता प्लग काढला आहे, बोर्ड पंख्याखाली वाळून राहिला. हात सारखा बटनाकडे जाते अन् मागं येते. तुमच्यापैकी कोणाचा बोर्ड असा भिजला होता का? किती वेळ थांबू? लवकर सांगा बाप्पा.

कूलर मी आईकडे वळवला होता. तिनं उठून बंद केला. म्हणे, "ओल धरते खोली. आधी त्याले वाळू दे, मंग मले."