राहूच्या ज्वालामुखीबाबत अर्ज

प्रति, प्राचार्य महोदय. अर्जदार: मी, शिरूर कचेरीबाहेर बसणारा अर्जलेखक. ज्यांच्याविषयी अर्ज: माझे साडू, आपल्याकडील भूगर्भशास्त्राचे अध्यापक. घटनास्थळ: राहू, तालुका दौंड. दिनांक: गेला रविवार. साक्षीदार: आपलेच अकरा विद्यार्थी व एक गुऱ्हाळमालक.

अर्जदार कथन करतो की, खुर्चीवरून न उठता अख्खा दौंड तालुका पालथा घालणारा असा दुसरा पुरुष महाराष्ट्रात नाही. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर आपण त्यांना सहलीस मनाई केलीत. तेव्हापासून साडू शिरूरच्या घरी संगणकावर उपग्रहाचा नकाशा उघडून सहली आखतात. ओढे निळे, टेकड्या तांबड्या. विद्यार्थ्यांनी लघुशंकेस कोठे थांबावे, येथपर्यंत खुणा केलेल्या. भीमेचे जुने पात्र कोठून वाहत होते हे त्यांना तोंडपाठ; स्वतःच्या घरातला मिठाचा डबा मात्र अद्याप सापडलेला नाही.

याच नकाशात त्यांना राहूजवळ एक पांढुरका पट्टा आढळला. "साडूभाऊ, ज्वालामुखीची राख! निवृत्तीआधी माझ्या हातून एवढं तरी होतंय!" असे ते गरजले. सबब त्यांचे डोळे या नात्याने, मोबाइल उंच धरून, मी मुलांसोबत गेलो. घरबसल्या हुकूम सुटत होते: "दहा पावलं उत्तरेला. उत्तरेला, साडूभाऊ! सासुरवाडीकडे नव्हे!"

दहाव्या पावलावर गुऱ्हाळ होते.

"राख?" मालक आप्पा म्हणाले. "अवं, गेल्या हंगामात हितं उसाची चिपाडं वाळत टाकली व्हती. तुमचं सर आभाळातनं बघत्यात व्हय? खाली या म्हनावं, काकवी देतो!"

मुले खो खो हसली. साडूंना निरुत्तर झालेले पाहावे, ही माझी लग्नापासूनची इच्छा. ती पूर्ण झाली, परंतु अपेक्षित आनंद झाला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

मग मोबाइलमधून आवाज आला, "जवळ काळा खडक असेल. हात लावा."

लावला.

"तापलाय?"

"चांगलाच."

"खरखरीत लागतोय?"

"हो."

"लगेच काढू नका हात," ते म्हणाले.

सबब नम्र विनंती की, येती सहल त्यांच्या नोकरीतील अखेरची असल्याने त्यांना सोबत न्यावे. टेकडी चढवू नये. गाडी जाईल तेथवर नेऊन एखाद्या खडकाशेजारी बसवावे. त्यांना धरण्यास मी येईन. उत्तर लेखी मिळावे. होकार असल्यास त्यांच्या पत्त्यावर, आणि नकार असल्यास कृपया माझ्या.