सरांचा एकच प्रश्न

सुरतेत आम्हा मराठी मुलींना खो-खो शिकवणारे सर दिवसभर बँकेत कारकून असत आणि संध्याकाळी मैदानावर सेनापती होत. खिशात पेन, गळ्यात शिट्टी, हातात कडुलिंबाची ओली फांदी. कुणी चुकलं की ती फांदी पोटरीवर बसायची आणि लगेच प्रश्न यायचा, "दुखलं?" आम्ही सगळ्या एका सुरात म्हणायचो, "नाही सर." मग ते खूश होऊन "चालो" म्हणायचे आणि खेळ पुढे सुरू व्हायचा.

माझे वडील त्यांच्याच बँकेत होते. ते घरी येऊन सांगायचे, "तुमच्या सरांना आज टाचणी टोचली. अर्धा तास बोट तोंडात घालून बसले होते."

त्या हिवाळ्यात बारडोलीच्या मुलींशी सामना होता. आमची कुसुम खांबाजवळ झेपावली आणि हातावर पडली. सर ओरडले, "दुखलं?"

"नाही सर," म्हणत ती उठली आणि डाव संपेपर्यंत पळाली. आम्ही जिंकलो. बक्षीस घ्यायला मात्र तिचा हात वर होईना. हाड मोडलं होतं.

सरांनीच तिला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ते फांदी न घेता आले. आमच्या रांगेसमोर बराच वेळ घुटमळले आणि कधी नव्हे अशा हळू आवाजात म्हणाले, "पोरींनो, कुणाला काही दुखतंय का? खरं सांगा."

माझा घोटा सुजून टम्म झाला होता. आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "नाही सर."